हळवं म्हणजे हळू नाही

भात पिवळं पडायला लागलं की मला सानिकाचा हेवा वाटू लागतो.

हे वाक्य मी दोनदा खोडलं. आधी ‘सानिकाची आठवण येते’ असं लिहिलं होतं. तेही खोटं नाही, पण क्रम खरा नाही. आधी हेवा येतो आणि मग तिचा चेहरा आठवतो.

सध्या आमच्या माले गावच्या शिवारात तेच दिवस आहेत. सकाळची बस पकडायला मी बांधावरून जाते तेव्हा सलवारचे पाय दवानं भिजतात. वरच्या खाचरांत कापणी झाली आहे, कापलेल्या भाताची कडपं ओळीनं उन्हाची वाट बघत पडली आहेत. खालच्या खाचरांतल्या लोंब्या अजून हिरवट आहेत. कापलेल्या भाताला ओलसर, गोडसर वास असतो, त्यात थोडा चिखलही असतो. तो वास बसमध्ये पौडपर्यंत सोबत येतो. पुढे पिरंगुटला ट्रकांचा धूर लागला की तो उतरून जातो, जणू त्याचा पास तेवढाच आहे. लवळ्याच्या टेकडीवर, कॉलेजात पोहोचते तेव्हा माझ्या अंगाला तो येत नसतो. पहिल्या वर्षी मी वर्गात शिरण्याआधी ओढणी हुंगून याची खात्री करून घ्यायचे.

घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं मला एकच गोष्ट नीट जमली, ती म्हणजे मान डोलावणं. सरांनी “समजलं?” विचारलं की डोलवायची. मुलं कुठल्या तरी मालिकेबद्दल बोलत असली की डोलवायची. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मागच्या वर्षी याच दिवसांत, माझ्याकडे पहिल्यांदा अशी एक गोष्ट होती जी वर्गात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. मी एक प्रोग्रॅम लिहिला होता, आणि तो सबंध माझा होता.

आमच्याकडे कापणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत कापायचं, उद्या दुसऱ्याचं. आमच्या सावडीत अकरा घरं आहेत. कोणाचं आधी आणि कोणाचं नंतर, यावर दरवर्षी आमच्या ओट्यावर आवाज चढतात. माझा प्रोग्रॅम तो क्रम लावायचा. कुठल्या खाचरात कुठलं भात आहे ते सांगितलं की दिवसांची यादी समोर यायची. आधी हळवं, मग निमगरवं, मग गरवं. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं भात, गरवं म्हणजे उशिरा होणारं, आणि निमगरवं दोघांच्या मधलं. प्रोग्रॅमच्या तुकड्यांना मी हीच नावं दिली होती, इंग्रजी अक्षरांत पण आमचीच. वर्गातले सगळे इंग्रजी नावं द्यायचे. मला या तीन शब्दांसाठी इंग्रजी सुचलं नाही आणि कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

हाच प्रोग्रॅम प्रोजेक्ट म्हणून द्यायचा होता, आणि प्रोजेक्ट जोडीनं करायचं होतं. हजेरीपटावर माझ्या शेजारी सानिकाचं नाव होतं म्हणून ती माझी जोडीदार. ती कोथरूडची. आई-वडील दोघंही प्रोग्रॅमच लिहितात. पडद्यावर जे दिसतं ते तिनं करायचं आणि आतलं डोकं मी चालवायचं, असं ठरलं. माझ्या वाट्याला ‘डोकं’ आलं म्हणून मी दोन दिवस मनातल्या मनात खूश होते.

आणि दिवाळीत दादानं माझ्या लॅपटॉपवर जागा केली.

चुलत बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ त्याला साठवायचा होता. मी कॉलेजला परत जायच्या आदल्या दिवशी फोल्डर उघडलं तर निम्म्या फायली नव्हत्या.

“तायडे, तितं सगळं दोन-दोन हुतं,” दादा म्हणाला. “येकाच नावाच्या दोन-दोन फायली. म्हटलं कशाला जागा खायला? येक येक ठिवली.”

“कुठली ठेवलीस?”

“येक उघडत हुती, त्यात नुसतं विंग्रजी लिवल्यालं. दुसरी उघडतच नव्हती. म्हटलं, जी उघडत न्हाई तीच म्हत्त्वाची आसणार. कुलूप लावल्यावानी.” आणि मग कौतुकाची वाट बघत, “कचऱ्याचा डबा बी साफ केला.”

मी त्याच्यावर ओरडले नाही. त्यानं विचार करून केलं होतं, आणि त्या विचारात मला चूक दाखवता आली नाही. उघडणाऱ्या फायली म्हणजे सोर्स कोड, मी हातानं लिहिलेला, माणसाला वाचता येणारा. न उघडणाऱ्या फायली म्हणजे त्याचंच मशीनसाठी केलेलं रूप. ते चालतं, पण वाचता येत नाही. गिरणीत भात घातलं की तांदूळ निघतो तसं. तांदूळ शिजतो, पेरता येत नाही. परीक्षेला सोर्स कोड द्यायचा होता. रोजचं काम इंटरनेटवर चढवून ठेवा, असं सरांनी सांगितलं होतं. मालेत रेंज नसते असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण हे की मला ते चढवता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

सानिकाला सांगताना मला रडू आलं. आम्ही कॅन्टीनमध्ये होतो. तिच्या एका हातात वडापाव होता.

“एवढंच ना?” ती म्हणाली. “चालणाऱ्या फायली आहेत ना? मग गेलं कुठे! दे इकडे.”

त्यासाठी एक साधन असतं, डीकम्पायलर. मशीनचं रूप वाचून ते मूळ लिखाण कसं असेल याचा अंदाज बांधतं. तांदळाला परत तूस चढवायचं काम. मला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, कारण “बाबांची एकदा अशीच फाइल गेली होती, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं होतं.” हे ती अगदी सहज म्हणाली, आपण ‘आईनं चहा करायला शिकवला’ म्हणतो तितकं सहज. माझ्या हेव्याला त्या वाक्यापासून सुरुवात झाली. तिच्या लॅपटॉपचा, कपड्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या ‘शेजारी बसवून’चा वाटला.

वडापाव संपायच्या आत माझा प्रोग्रॅम पडद्यावर परत आला होता. मी तीन आठवडे ओट्यावर बसून जे एकेक ओळ करत लिहिलं होतं, ते तिनं डाव्या हातानं वर काढलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या खाली लगेच दुसरं काहीतरी होतं. तो माझा दिसत नव्हता. तुकड्यांची नावं राहिली होती, पण आतली छोटी छोटी नावं सगळी गेली होती. जिथे मी ‘खाचर’, ‘घर’, ‘दिवस’ लिहिलं होतं, तिथे व्हेरिएबल एक, व्हेरिएबल दोन, व्हेरिएबल तीन. गावातल्या सगळ्यांना नंबर देऊन रांगेत उभं केल्यासारखं.

“अगं, हे काय?” सानिका हसायला लागली. “हलवा? आणि हा गर्व? जयू, तुझ्या कोडमध्ये संक्रांत आहे का?”

“भाताची नावं आहेत,” मी म्हणाले. एवढंच म्हणाले. पुढे सांगायला हवं होतं, पण शेजारच्या टेबलावरची मुलंही हसत होती.

पुढच्या रविवारी ती आमच्याकडे आली. ‘शेतात जे चालतं ते बघितल्याशिवाय मला व्हेरिएबलना नावं देता येणार नाहीत,’ असं तिचं म्हणणं. ती माझ्या प्रोग्रॅमला नावं देणार होती, आणि मी मान डोलावली.

कापणी चालू होती. आई तिला म्हणाली, “ये गं बाय, सावलीला बस.”

“नको काकू, मी पण कापते ना.”

“इळा हाय त्यो, लॅपटॉप न्हाई. बोट जाईल.”

सगळं शेत हसलं. सानिका सगळ्यांपेक्षा जास्त हसली. तिला हसलेलं चालतं. मी कॉलेजात अशी कधी हसू शकले असते का, हे मी तेव्हा विळा चालवत मोजत होते. दुपारी बांधावर बसून तिनं भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत. आई तिला दुसरी भाकरी वाढताना म्हणाली, “आमच्या जयीला इचारावं लागतं, भूक हाय का म्हून. ही पोरगी मागून खाती.” ते कौतुक होतं, आणि कोणाचं होतं ते मला कळलं.

पण खरं दुखलं ते आण्णांमुळे. माझे वडील कमी बोलतात. प्रोग्रॅमसाठी मी त्यांना दसऱ्यापासून विचारत होते, कुठलं शेत आधी धरायचं, का धरायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं, “आता तुला म्हाईत न्हाई व्हय?” मला अर्धवट माहीत होतं. उरलेलं मी त्यांच्या ‘हां’ आणि ‘बघू’मधून वेचलं होतं. आणि त्या दिवशी सानिकानं नुसतं विचारलं, “काका, कोणाचं आधी हे ठरवतं कोण?”

आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“ठरवतंय कोण? भातच ठरवतंय. आमी नुसतं ऐकायचं. लोंबी वाकली न्हवं, तरी बुडाकडचे चार दाणे हिरवे आसत्यात. ते दातानं फोडायचे. दूध निघालं तर थांबायचं.” मग ते बोलतच राहिले. कोणाचं खाचर सावलीत आहे, कुठे पाणी उशिरा आटतं, एका वर्षी घाई केली तेव्हा काय झालं. तासभर. एक दाणा फोडून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. मी दोन हातांच्या अंतरावर कडपं उलटवत होते. त्यातली निम्मी माहिती मी पहिल्यांदा ऐकत होते, माझ्याच वडिलांकडून, दुसरीला सांगताना.

आता वर्षभरानं मला त्याचं कारण थोडं कळतं. पाहुण्याला सगळं सांगावं लागतं. घरच्या माणसाला माहीत आहे असं धरून चालतात. आण्णांच्या लेखी ती त्यांच्या विश्वासाची खूण असेल. पण तेव्हा कडपं उलटवताना ते तसं दिसत नव्हतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की सानिकाला दोन बाप आहेत, दोघेही शेजारी बसवून सांगणारे.

संध्याकाळच्या बसनं मी तिला पौडपर्यंत सोडायला गेले. बस खडखडत होती. तिनं वहीत काहीतरी लिहिता लिहिता विचारलं, “जयू, हळवं म्हणजे हळूहळू येणारं ना?”

मी “हं” म्हणाले.

या ‘हं’चा मी खूप विचार केला आहे. बसचा आवाज होता, हे खरं. मी खिडकीबाहेर बघत होते, तेही खरं. मला नीट ऐकू आलं होतं का? आज मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. पण एखाद्या माणसावर रुसलेलं असताना आपण जसं ‘हं’ म्हणतो तसं ते होतं. समोरचं काय म्हणतंय याला ते उत्तर नसतं. ते फक्त दार लोटून घेणं असतं.

सानिकानं तीन दिवसांत सगळ्याला इंग्रजी नावं दिली. हळवं झालं ‘स्लो’, गरवं झालं ‘फास्ट’. तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पुण्यात हळवं म्हणजे चटकन रडणारं माणूस, तो अर्थ भाताला लागू होत नाही, म्हणजे मग हळूच असणार. आणि तसं धरल्यावर तिला दिसलं की प्रोग्रॅम हळू येणारं भात आधी कापायला सांगतोय. ही तर चूक. डीकम्पायलर कधी कधी अटी उलट्या करून मांडतो, हे तिला माहीत होतं. तिनं अट सरळ केली. म्हणजे उलटी केली.

मला ते परीक्षेच्या आदल्या दुपारी कळलं. प्रयोगशाळेत मी आमची अकरा घरं भरून प्रोग्रॅम चालवला. यादीत पहिल्या दिवशी उत्तमकाकांचं खालचं खाचर आलं. त्या दिवशी सकाळीच मी त्याच्या कडेनं आले होते. ते हिरवं होतं. माझा प्रोग्रॅम हिरवं, दुधातलं भात कापायला सांगत होता. कोडमध्ये त्या अटीशेजारी सानिकाची टीप होती, ‘उलटी होती, सरळ केली.’

सानिका दोन खुर्च्या सोडून शेंगदाणे खात बसली होती. तिनं पुडी माझ्याकडे केली. मी दोन शेंगदाणे घेतले. ‘हळवं म्हणजे लवकर येणारं’, एवढे चार शब्द पुरले असते. मी ते तोंडात आणले. आणि मग मला दिसलं की उद्या ती परीक्षकांसमोर उभी राहून म्हणेल, इथे अट उलटी झाली होती, मी सरळ केली. आणि तेव्हा त्या खोलीत फक्त मला माहीत असेल. आयुष्यात पहिल्यांदा फक्त मला.

मी शेंगदाणे चावले आणि लॅपटॉप मिटला.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजच्या एक मॅडम आल्या होत्या. सानिका छान बोलली. गेलेला कोड परत कसा मिळवला ते तिनं सांगितलं, आणि मॅडम पुढे झुकून ऐकू लागल्या. “इथे अट उलटी झाली होती,” ती म्हणाली, “मी सरळ केली.”

“नक्की उलटी झाली होती?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “ती उलटी झाली नव्हती. मूळची बरोबर होती. हळवं म्हणजे हळू नाही. हळवं लवकर येतं. आत्ता हा प्रोग्रॅम हिरवं भात कापायला सांगतोय.”

मॅडम हसल्या. “आमच्याकडे कोकणातपण हळवंच म्हणतात. मी तेच बघत होते.” आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यानंतरचे सगळे प्रश्न मला आले. मी न अडखळता बोलले. दाण्यातल्या दुधाबद्दलसुद्धा बोलले, जे आण्णांनी मला सांगितलंच नव्हतं. प्रत्येकीला वेगळे गुण होते. मला तिच्यापेक्षा जास्त मिळाले.

बाहेर रिक्षांजवळ सानिका थांबली होती.

“तुला आत्ता तिथे कळलं?”

“काल.”

“काल मी शेजारीच होते.”

“हो.”

“आणि मी तुला विचारलं होतं, जयू. बसमध्ये. मी विचारलं होतं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, एखादी न उघडणारी फाइल बघावी तशी. मग रिक्षात बसली. रिक्षात दोघींची जागा होती.

यंदा ती दुसऱ्या गटात आहे. मी डीकम्पायलर वापरायला शिकले, आता बऱ्यापैकी येतो. खालच्या वर्गांतल्या कोणाचा कोड गेला की अजूनही सगळे सानिकाकडेच जातात, कारण ती हसून “दे इकडे” म्हणते. मी लांबून बघते. मला वाटायचं, जिंकल्यावर हेवा संपतो. तो संपला नाही. आता मला तिचं असं काही हवं असतं जे मार्कशीटवर येतच नाही. तिला न कळलेलं विचारता येतं, आणि चुकलं तरी ती तशीच राहते.

परवा कॅन्टीनच्या रांगेत ती नेमकी माझ्यापुढे होती. बराच वेळ आम्ही दोघी फळ्यावरचे पदार्थ वाचत राहिलो, जणू ते बदलणार होते. मग मागे न वळता ती म्हणाली, “तुमचं हळवं निघालं असेल ना?”

किती बरोबर म्हणाली. मला लगेच लागलं, की आता हा शब्दही तिचा झाला.

“निघालं,” मी म्हणाले. “गरवं उभं आहे. रविवारी काढणार.” आणि मग जे महिनाभर पोटात होतं ते बाहेर आलं, “आई तुला बोलावत होती. तीनदा विचारलं तिनं.”

आता ती वळली. “मग? काय सांगितलंस?”

“परीक्षा आहे तिची, म्हणून.”

“माझी?”

“हो.”

“आणि खरं काय?”

मागचा मुलगा म्हणाला, “ओ ताई, पुढे सरका की.” आम्ही एक पाऊल सरकलो. मी फळ्याकडे बघत बोलले. “तू आलीस की आण्णा तुझ्याशी बोलतात. माझ्याशी नाही बोलत. म्हणून. आणि त्या दिवशीपण त्यामुळेच गप्प बसले.” आणि घाईघाईनं, “माझं चुकलं, सानिका.”

रांग संपली. तिनं दोन चहा सांगितले. एक माझ्या हातात दिला, आणि स्वतःच्या चहावरची साय बोटानं बाजूला केली.

“मी रविवारी येते,” ती म्हणाली. “पण मी काकूंच्या ओळीत कापणार. तू आण्णांच्या ओळीत राहा. आणि विचार त्यांना. ‘तुला माहीत नाही का’ म्हणाले तर सांग, नाही माहीत.”

मी मान डोलावली. मग आठवून, तोंडानं “बरं” म्हणाले.

चहा गरम होता. तिनं माझ्यासाठी आण्णांजवळची स्वतःची जागा सोडली होती, आणि मला ते कळत होतं. तरी घोट घेताना मनात आलंच, की आईसुद्धा माझीच आहे.